दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यायचाय? आधी ही कामं उरका

राजीनाम्याचा मेल लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्याच्या आधीची तयारी मात्र दोन-तीन महिन्यांची असते, आणि त्यातली बहुतेक कामं नोकरीत असतानाच होऊ शकतात. एकदा ओळखपत्र गेटवर जमा झालं की कंपनीचा मेल बंद होतो, पगाराच्या स्लिपा दिसत नाहीत, आणि एचआरवाले सवडीने फोन उचलतात. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पगार आणि पीएफचं काम करताना मी अशी माणसं नेहमी बघते. सहा महिन्यांनी नव्या कंपनीने मागितलेल्या एका कागदासाठी ती पुन्हा गेटवर येऊन उभी असतात. नोकरी सोडायचा त्यांचा निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. क्रम चुकलेला असतो.

म्हणून हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. नोकरी सोडावी की नाही, हे मी सांगणार नाही. तब्येत ढासळत असेल, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येत असेल, तर ऑफर हातात येईपर्यंत थांबणं प्रत्येकाला जमत नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही.

आधी तारखा बघा

नेमणूकपत्र शोधून काढा आणि एकदा सावकाश वाचा. नोटीस किती दिवसांची आहे? 30, 60 की 90? नोटीस पूर्ण न करता जायचं असेल तर पैसे मूळ पगारावर कापतात की एकूण पगारावर? ही एक ओळ बरेच जण वाचत नाहीत, आणि शेवटच्या हिशेबात पन्नास-साठ हजारांचा फरक तिथेच पडतो. रुजू होताना बोनस घेतला असेल किंवा कंपनीने प्रशिक्षणाचा खर्च केला असेल, तर तो अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास परत मागण्याची अट असते. वार्षिक इन्सेंटिव्हसाठी बहुतेक कंपन्यांत पैसे वाटपाच्या दिवशी पटावर असावं लागतं, नोटीसवर असलेल्यांना काही ठिकाणी ते मिळतच नाही. तीन आठवडे थांबल्याने वर्षभराची मेहनत पदरात पडत असेल तर थांबा.

ग्रॅच्युइटीचं गणित तर कागदावर मांडूनच बघा. कायम नोकरीत सलग 5 वर्षं झाली की ती मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. 30,000 रुपये धरले तर 5 वर्षांचे साधारण 86,500 रुपये होतात. तुमची 4 वर्षं 10 महिने झाली असतील तर उरलेले दोन महिने कसेही काढा. ‘4 वर्षं 240 दिवस झाले तरी मिळते’ असं ऐकायला येतं आणि काही उच्च न्यायालयांनी तसा अर्थ लावलाही आहे, पण कंपनीने नाही म्हटलं तर भांडत बसावं लागेल. ज्यांचं करारपत्र ठरावीक मुदतीचं आहे, त्यांना 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. हे अजून फार जणांना ठाऊक नाही.

आणखी दोन बाबतींत घाई करू नका. बाळंतपण जवळ आलं असेल तर आधी प्रसूती रजेचा विचार करा. मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि राजीनामा देऊन ती सोडून देणं म्हणजे मोठं नुकसान आहे. घरकर्ज मंजुरीच्या टप्प्यावर असेल तर तेही आधी पूर्ण होऊ द्या. पगार थांबला की बँकेचं मत बदलतं. पण नोकरी नसताना तो हप्ता झेपेल का, हे आधी तपासा.

कंपनीच तुम्हाला ‘स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सांगत असेल, तर तो मुद्दा वेगळा. कामगार कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्याला नोकरकपात झाल्यास भरपाई मिळते, राजीनामा दिला तर मिळत नाही. तिथे त्याच टेबलावर सही करू नका. लेखी मागा, घरी या, जाणकाराला दाखवा.

घरखर्चाचा कागद

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा’ हे सगळे सांगतात. पण खर्च किती, ते बहुतेकांनी लिहून काढलेलं नसतं. मागच्या तीन महिन्यांचं बँक खातं आणि यूपीआयचा इतिहास उघडा आणि लिहा. समजा मनीषनगरला भाड्याने राहणारं, एक मूल असलेलं कुटुंब आहे. घरभाडं 14,000. किराणा, दूध, भाजी 12,000. वीज, गॅस, मोबाइल 4,000. शाळा आणि व्हॅन 6,000. आईच्या गोळ्या 3,000. पेट्रोल 3,000. विम्याचे वार्षिक हप्ते बाराने भागून 4,000. गाडीच्या कर्जाचा हप्ता 9,000. बेरीज 55,000. वर अचानकच्या खर्चासाठी पाच हजार धरा, म्हणजे महिन्याला 60,000.

आता नागपूरचं वर्ष यात घाला. एप्रिल ते जून हे इथले सगळ्यात महाग महिने. कूलर दिवसरात्र चालतो, एसी असेल तर विचारूच नका. त्याच सुमारास महावितरणचं वाढीव सुरक्षा ठेवीचं बिल येतं, जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश. शेवटचा पगार मार्चमध्ये घेऊन बाहेर पडणारा माणूस पहिल्या तीन महिन्यांतच निम्मी शिल्लक संपवतो. दिवाळीआधी सोडणाऱ्याचं वेगळं: बोनस हुकतो आणि सणाचा खर्च तर आहेच. मला विचाराल तर जुलै-ऑगस्ट हा बरा काळ. शाळेचा खर्च होऊन गेलेला असतो आणि वीजबिल उतरलेलं असतं.

शिल्लक मोजताना कडक राहा. बचत खातं आणि मुदत ठेव पूर्ण धरा. शेअर आणि म्युच्युअल फंड निम्मेच धरा, कारण विकायची वेळ येईल तेव्हा बाजार कुठे असेल ते आपल्या हातात नाही. पीएफ धरू नका. सोनं धरू नका. कंपनीकडून येणारे पैसे खात्यात जमा झाल्यावरच धरा. एवढं करून जी रक्कम उरेल तिला 60,000 ने भागा. घरात दुसरा पगार नसेल तर माझ्या मते 9 महिने निघायला हवेत. दुसरा पगार असेल तर 6. आईवडिलांकडे राहणाऱ्या, डोक्यावर कर्ज नसलेल्या मुलामुलींना 4 महिनेही पुरतात.

आकडा पटला तरी लगेच मेल पाठवू नका. पुढचे दोन महिने पगार येत असतानाच त्या कागदाप्रमाणे जगून बघा, उरलेला पगार दुसऱ्या खात्यात टाका. कागदावर पेट्रोलचे 3,000 लिहिलेत आणि महिन्याच्या वीस तारखेलाच ते संपले, तर आकडा खोटा होता हे वेळेत कळतं. शिवाय शिल्लकही वाढते.

क्रेडिट कार्डाची थकबाकी या दोन महिन्यांत शून्यावर आणा. बाकी कशाच्याही आधी हे.

विमा

कंपनीचा गट आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्यात आईवडील असतील तर त्यांचंही संरक्षण त्याच दिवशी जातं. त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोटीस देण्याआधी घ्या. अपघात सोडला तर नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस दावा करता येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ 3 वर्षांपर्यंत असू शकतो. दुसरा मार्गही आहे: त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेणं, म्हणजे गट विम्यात घालवलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. त्याचा अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो. एचआरला विमा कंपनीतल्या माणसाचा नंबर मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

टर्म इन्शुरन्स घ्यायचा राहिला असेल तर तोही आत्ताच घ्या. उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि तो आज तुमच्याकडे आहे.

ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विम्यात असलेल्यांचं थोडं निराळं. तिथे उपचाराचा हक्क नोकरी सुटली त्या दिवशी तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर त्याचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये येतो. ई-पहचान कार्ड जपून ठेवा, नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या दवाखान्यात ते लागेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्डही काढून ठेवा. 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालतं. त्याला आधार म्हणा, पूर्ण विमा समजू नका.

कागद घरी आणा

कंपनीचे गोपनीय कागद नव्हेत, तुमचे स्वतःचे. नेमणूकपत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, किमान मागच्या 12 महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षांचे फॉर्म 16, कौतुकाची किंवा बढतीची पत्रं. स्वतःच्या मेलवर आणि एखाद्या पेन ड्राइव्हवर ठेवा. कामाच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, कोड यांना मात्र हात लावू नका. त्यावरून रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) अडकलेलं मी पाहिलंय.

मग पीएफच्या पोर्टलवर जा. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) चालू आहे का, आधार, पॅन आणि बँक खातं जोडलंय का, नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते का, वारसनोंद भरली आहे का, हे सगळं तपासा. आमच्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते नावावरून. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पीएफवर नाही, किंवा लग्नानंतर एका ठिकाणी आडनाव बदललं आणि दुसरीकडे राहिलं. नोकरीत असताना कंपनीकडून दुरुस्ती लवकर होते. नंतर तेच काम तुकडोजी चौकाकडच्या पीएफ कार्यालयात चकरा मारून करावं लागतं. रांगेत पुढच्याचा कागद बघत बसण्यापेक्षा आज संध्याकाळी मोबाइलवर बघा.

जुन्या कंपन्यांतली पीएफ खाती जोडायची राहिली असतील तर तीही आत्ताच जोडा. पुढे पीएफ काढताना कराच्या 5 वर्षांच्या हिशेबात ती सगळी नोकरी मोजली जाते.

घरी सांगणं

नागपुरात हे काम राजीनाम्याहून अवघड जातं. इथल्या पुष्कळ घरांत बाबा रेल्वेत, वेकोलित (कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीत), आयुध निर्माणीत किंवा वीज मंडळात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या लेखी नोकरी सुटते ती शिक्षा म्हणून. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काहून रे, काढलं का तुले? काई झालं का हापिसात?’ त्यावर साहेब कसा वाईट आहे हे सांगत बसलात की ते म्हणणार, ‘अरे, आम्ही काय कमी सोसलं का?’ आणि बोलणं तिथेच संपतं.

त्यापेक्षा घरखर्चाचा कागद समोर ठेवा. ‘बाबा, हे पहा, एवढे पैसे आहेत, एवढा खर्च आहे, मार्चपर्यंत कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्यांचे यात धरलेत. जानेवारीपर्यंत मनासारखं काही मिळालं नाही तर मिळेल ते घेईन.’ त्यांच्या पिढीला आकडा आणि तारीख कळते. ही शेवटची तारीख मनापासून ठरवा, नुसती त्यांच्या समाधानासाठी नको. कोणत्या महिन्यात अपेक्षा खाली आणायची, कोणत्या महिन्यात पुण्या-हैदराबादलाही जायला तयार व्हायचं, हे आज डोकं शांत असताना लिहून ठेवलं की नंतर घाबरून निर्णय घ्यावा लागत नाही.

बायकोला किंवा नवऱ्याला मात्र हे सगळं बाबांच्या कितीतरी आधी कळायला हवं. तो कागद दोघांनी मिळूनच करायचा आहे.

राजीनामा

साहेबांशी आधी समोरासमोर बोला, मग त्याच दिवशी मेल पाठवा. मेलमध्ये चार गोष्टी पुरेत: राजीनामा देत आहे, नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस इतक्या दिवसांची, त्यानुसार कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख, आणि स्वीकृती लेखी कळवावी. कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं तरी चालतं. तक्रारी त्यात नको. छळाची तक्रार असेल तर ती स्वतंत्र आणि लेखी द्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल तर अंतर्गत समितीकडे घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार करता येते, आणि राजीनामा दिल्याने तो हक्क जात नाही.

मेलची प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा. कंपनीचं पोर्टल असेल तर तिथेही नोंद करा, कारण नोटीसचे दिवस काही ठिकाणी पोर्टलवरच्या तारखेपासून मोजतात.

‘थांब, पगार वाढवतो’ असं म्हणतील. तुमचं कारण पगार हेच असेल तर जरूर ऐका. कारण दुसरं असेल तर पाच हजारांनी ते मिटत नाही.

कामावर जाणं न कळवता बंद करू नका. उद्यापासून पाय ठेववत नसेल तरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आजारपणाची रजा मागा, नोटीसचे पैसे भरून लवकर सोडण्याची विनंती करा, उरलेल्या रजा नोटीसमध्ये धरायला सांगा. कंपन्या बऱ्याचदा ऐकतात. मात्र ‘फरार’ अशी नोंद झाली की पुढच्या प्रत्येक पडताळणीत ती वर येते. मनाची अवस्था बिकट असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

नोटीसच्या काळात काम नीट सोपवा, कोणाला काय दिलं ते मेलवर लिहा, लॅपटॉप आणि कार्ड जमा केल्याची पोच घ्या. शेवटच्या दिवशी ती पोच हातात नसेल तर थोडा वेळ थांबा, पण घेऊनच निघा.

शेवटचा हिशेब आणि पीएफ

कामाच्या दिवसांचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी, थकलेली बिलं, वजा नोटीसची कपात. हिशेबाचा तक्ता मागून घ्या आणि स्वतः ताडून बघा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन 2 कामाच्या दिवसांत मिळायला हवं. ‘पंचेचाळीस दिवसांनी होतं’ असं सांगणारे एचआर अजूनही भेटतात. त्यांना संहितेचा उल्लेख करून नम्र भाषेत मेल टाका. ग्रॅच्युइटीसाठी मुदत 30 दिवसांची आहे. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र या दोन्हींसाठी वेगळं विचारा. दोन मेल करूनही हालचाल नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

पीएफ काढू नका, असं मी कळकळीने सांगते. रिकाम्या दुसऱ्या महिन्यात तो पैसा डोळ्यांपुढे नाचतो. सलग 5 वर्षांची नोकरी नसताना काढला तर कर लागतो, आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर पॅन असूनही 10 टक्के कापूनच हातात येतो. खात्यात राहू दिला तर व्याज चालू राहतं. पूर्वी दोन महिने बेरोजगार राहिलं की सगळी रक्कम काढता यायची. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती मुदत 12 महिने करायचा आणि वर्गणीचा 25 टक्के हिस्सा खात्यात राखायचा निर्णय घेतला. थोडक्यात, पूर्ण पीएफवर घर चालवायचा बेत आता धरताच येत नाही.

रिकाम्या महिन्यांत

पहिले दोन आठवडे झोपा, चाला, घरची राहिलेली कामं करा. त्यानंतर मात्र रोज सकाळी ठरावीक वेळी बसा. घरी बसवत नसेल तर गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये खुर्ची मिळते आणि शांतताही मिळते.

शोध घेताना नागपूरचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. सॉफ्टवेअर आणि सेवा कंपन्या मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्ककडे, कारखाने बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरला. प्रत्येक क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि जागा जाहिरातीआधी त्यांच्या बोलण्यात येते. म्हणून जुन्या सहकाऱ्यांना सरळ फोन करा. ‘नोकरी सोडली आहे, लगेच रुजू होऊ शकतो’ हे लपवू नका. 90 दिवसांची नोटीस असलेल्या उमेदवाराची वाट बघून कंटाळलेल्या कंपनीला ‘इमिजिएट जॉइनर’ हवाच असतो. मुलाखतीत कारण विचारलं तर दोन वाक्यांत सांगा आणि कामाच्या विषयावर या. जुन्या साहेबांची निंदा तिथे कोणालाच ऐकायची नसते.

लग्नाकार्यात ‘सध्या काय करून राहिला?’ असं विचारणारे भेटतीलच. ‘बदल करतोय, दोन-तीन ठिकाणी बोलणं सुरू आहे’ एवढं पुरे.

मधल्या काळात सुटी कामं घेतलीत तर बिलं आणि पावत्या जपा, ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं असतं.

वर्षाअखेरचा हिशेब

अर्ध्या वर्षात नोकरी सोडणाऱ्याला कराचे पैसे परत मिळतात, आणि अनेक जण ते मागतच नाहीत. महिना दीड लाख पगारावर कंपनी वर्षाचे 18 लाख धरून दर महिन्याला साधारण साडेबारा हजार कापते. सप्टेंबरअखेर सोडलं आणि मार्चपर्यंत दुसरं उत्पन्न नसेल, तर वर्षाचं उत्पन्न 9 लाखच झालं. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कापलेले साधारण 75,000 विवरणपत्र भरून परत मिळतात. उलट मधेच नवी नोकरी लागली तर जुन्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर दोन्हीकडे सवलती मोजल्या जातात आणि जुलैत विवरणपत्र भरताना खिशातून कर भरावा लागतो.

शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर पुन्हा एकदा जा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरलेली नसेल तर ती तिथे स्वतःला भरता येते. ती रिकामी राहिली की नव्या कंपनीत खातं हलवताना अर्ज अडकतो. तारीख रिलीव्हिंग लेटरवर आहे तीच टाका.